प्लॅन करून खेळणं: टेबलटॉप रोलप्लेइंगमधल्या आखणी-तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये टेबलाभोवती बसून प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या, म्हणजे कॅरेक्टरच्या वतीने बोलतो, गेम मास्टर (जीएम) बाकीचं जग चालवतो, आणि जिथे काय होईल ते नक्की नसतं तिथे फासे टाकतात. बरीच वर्षं टेबलाच्या जीएमकडच्या टोकाला बसल्यावर काही प्रश्न तोंडपाठ होतात. कुणी सेशन संपल्यावर चपला घालता घालता विचारतं, कुणी रात्री साडेअकराला मेसेज टाकतं. आधी टेहळणी, मग आखणी आणि मग कारवाई असा खेळ ज्यांना आवडतो त्यांचे, आणि त्यांच्यापुढे हात टेकलेल्या गेम मास्टर मंडळींचे प्रश्न इथे एकत्र केलेत. सोप्यापासून किचकटापर्यंत असा साधारण क्रम आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. प्लॅन करून खेळणं म्हणजे नक्की काय? प्लॅन तर सगळेच करतात ना?

करतात, पण बहुतेक टेबलांवर तो "तू डावीकडून जा, मी उजवीकडून येतो" एवढाच असतो आणि लगेच फासे पडायला लागतात. या शैलीत खेळाचा मोठा भाग फासे हातात घेण्याआधीच होतो. पहारा कधी बदलतो, मागची भिंत किती उंच आहे, वाड्यातला कुत्रा कुणाचं ऐकतो, परत निघायचं कुठून, हे विचारण्यात आणि ठरवण्यात या खेळाडूंना मजा येते. फासे टाकायची वेळ जितकी कमी येईल तितकं त्यांना जिंकल्यासारखं वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा वेळ खेळातलाच आहे, त्याला "खेळ सुरू होण्याआधीची चर्चा" म्हणून घाई करू नये. फक्त त्याला एक अट आहे, ती प्रश्न ९ मध्ये आहे. ती पाळली नाही तर उरतो निव्वळ काथ्याकूट.

२. ही पद्धत आली कुठून?

वॉरगेममधून. १८२४ मध्ये गेऑर्ग फॉन राइसवित्झ या प्रशियन अधिकाऱ्याने क्रीगश्पील नावाचा नकाशावरचा युद्धखेळ सैन्यापुढे मांडला. त्यात खेळाडू हुकूम द्यायचे, त्याचं काय झालं ते पंच ठरवायचा, आणि शत्रूची तुकडी नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत नकाशावर दिसायचीच नाही. आपल्या जीएमचा पणजोबा तो पंच. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनियापोलिस-सेंट पॉल भागात डेव्हिड वेसलीने "ब्राउनस्टाइन" या खेळात प्रत्येकाला अख्ख्या सैन्याऐवजी एकेक माणूस दिला. त्याच मंडळींतला डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स या दोघांनी १९७४ मध्ये "डंजन्स अँड ड्रॅगन्स" (डी अँड डी) आणला.

जुन्या डी अँड डीमध्ये आखणीला खरं बळ मिळालं ते गुणांच्या हिशोबामुळे. १९८१ च्या बेसिक संचात सुरक्षित बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण, ते साठले की कॅरेक्टरची लेव्हल वाढते) मिळतो, आणि एक ऑर्क नावाचा राक्षस मारल्याचे १०. म्हणजे ५०० नाण्यांची थैली ५० ऑर्कांच्या बरोबरीची. त्यात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) एका चार बाजूंच्या फाशावर ठरायचे. अशा माणसाने ऑर्कांशी भांडायचं कशाला? ते झोपलेले असताना थैली उचलायची आणि सुटायचं. खेळाडू आपोआप धूर्त व्हायचे.

३. यासाठी कोणता गेम घ्यावा?

जो कपाटात आहे तो. अगदीच नवा घ्यायचा असेल तर जुन्या धर्तीचं "ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स" सुटसुटीत आहे. चोऱ्या आणि घुसखोरी हवी असेल तर १९८९ पासूनचा "शॅडोरन". त्यात कामगिरीआधी माहिती काढत फिरण्याला "लेगवर्क" असा शब्दच आहे, आणि बरीच टेबलं अर्धं सेशन त्यावर घालवतात. रहस्य हवं असेल तर १९८१ चा "कॉल ऑफ कथुलू". तिथे वाचनालयात घालवलेली दुपार बंदुकीपेक्षा जास्त जीव वाचवते. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीतही हे सगळं जमतं, मात्र पाच-सहा लेव्हल चढल्यावर कॅरेक्टर इतके दणकट होतात की प्लॅनची गरज वाटेनाशी होते. तिथे जीएमला धोके मुद्दाम मोठे ठेवावे लागतात.

४. आम्ही पहिल्यांदाच प्लॅन करतोय. किमान काय काय ठरवायचं?

आत कसं जायचं, नेमकं काय घेऊन यायचं, बाहेर कुठून पडायचं आणि कुठल्या क्षणी सगळं सोडून पळायचं. शेवटचं नवे लोक हमखास विसरतात. आमच्या एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या कथेत, पार्टीने (खेळाडूंच्या कॅरेक्टरांच्या टोळीने) "चहा झाला" हा इशारा ठरवला होता. कुणाच्याही तोंडून तो आला की हातातलं टाकायचं आणि निघायचं, वाद बाहेर गेल्यावर. तो दोनदाच वापरला गेला आणि दोन्ही वेळा पार्टी जिवंत राहिली. बाकीचे बारकावे आत गेल्यावर सुचतात.

५. दहा फुटी काठी, खडू, छर्ऱ्यांची पिशवी... हे सगळं खरंच लागतं का?

लागतं, आणि फार स्वस्त पडतं. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात दहा फुटी काठी पाच तांब्याच्या नाण्यांना मिळते, वजन सात पौंड. पन्नास फुटी तागाचा दोर एका सोन्याच्या नाण्याला. हजार छर्ऱ्यांची पिशवी तेवढ्याच किमतीत. ती दहा फूट चौरस जागेत ओतली की त्यावरून धावणाऱ्याला डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो, नाही जमला तर तो आडवा. खडू एका तांब्याच्या नाण्याला. पहार जवळ असेल तर दार उचकटताना दोन फासे टाकून चांगला तो घ्यायची सवलत, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज.

यादी मोठी असण्यात शहाणपण नाही. प्रत्येक वस्तू घेताना तिचा एक तरी नेहमीपेक्षा वेगळा उपयोग मनात आणा. काठीने जमीन ठोकून पाहता येते, तशीच ती दोन खिडक्यांत आडवी टाकून दोर बांधता येतो, आणि जखमी माणूस न्यायला डोलीचा दांडाही होते. पीठ हवेत उडवलं की अदृश्य माणूस दिसतो. आमच्याकडची एक खेळाडू दर वेळी लहान घंटी घेते. बाकीचे हसतात, पण रात्रीच्या मुक्कामाभोवती दोरीला बांधलेल्या त्या घंटीने दोनदा सगळ्यांना वेळेवर उठवलंय.

६. पण वजन, मशाली, शिधा यांचा हिशोब ठेवणं म्हणजे वाणसामानाची वही वाटते. सोपी पद्धत आहे का?

आहेत. "डंजन वर्ल्ड"मध्ये "अ‍ॅडव्हेंचरिंग गिअर" ही एकच वस्तू पाच वापरांची असते. ऐनवेळी त्यातून दोर काढा नाहीतर खडू, एक वापर कमी होतो. "द ब्लॅक हॅक"मध्ये मशाली किंवा बाण मोजायच्या ऐवजी एक फासा लिहून ठेवतात. वापरानंतर तो टाकायचा, १ किंवा २ आला की एक पायरी लहान फासा, आणि चार बाजूंच्या फाशावरही तसंच झालं की माल संपला.

मी दोन्हींचं मिश्रण करते. मशाली आणि शिधा फाशावर, पण ज्यावर प्लॅन उभा राहू शकतो अशा वस्तू, म्हणजे तेल, दोर, खिळे, वेषांतराचे कपडे, एकेक करून लिहायच्या. सगळंच ढोबळ ठेवलं तर "माझ्याकडे ती घंटी होती" म्हणून खिशातून काढण्याची मजा जाते.

७. मी विझार्ड (जादूगार) आहे. सकाळी कोणते मंत्र तयार ठेवू हे कसं ठरवायचं?

या क्लासला (कॅरेक्टरच्या पेशाला) आखणीची सवय जन्मजात आहे. डी अँड डीने जॅक व्हान्स यांच्या कथांवरून घेतलेली मूळ कल्पना अशी की मंत्र पाठ करायचा आणि म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. जुन्या आवृत्त्यांत दोन फायरबॉल हवे असतील तर दोनदा पाठ करावे लागायचे. २०१४ च्या नियमांत हे सैल झालं: विझार्डची लेव्हल अधिक इंटेलिजन्स मॉडिफायर (बुद्धीच्या आकड्यावरून मिळणारी भर) इतके मंत्र तयार ठेवा आणि स्लॉट (मंत्र म्हणायचा दिवसाचा कोटा) असेपर्यंत हवा तो वापरा. पाचव्या लेव्हलला, इंटेलिजन्स १८ असताना, नऊ.

यातल्या दोन-तीन जागा लढाईला द्या, बाकीच्या आज जिथे जायचंय त्या जागेला. रिच्युअलची खूण असलेले मंत्र मात्र तयार करण्यात जागा घालवू नका. विझार्डला ते पुस्तकातून दहा मिनिटं जास्त देऊन म्हणता येतात. "डिटेक्ट मॅजिक", "अलार्म" त्यातलेच. कितीतरी नवे विझार्ड त्यात दोन जागा अडकवून बसतात.

८. आम्ही माहिती काढायला जातो, पण जीएम "काही विशेष कळलं नाही" म्हणतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा प्रश्न ढोबळ असतो. "आम्ही गावात चौकशी करतो" याला जीएमने काय उत्तर द्यायचं? कुणाला विचारणार आणि त्याला त्या बदल्यात काय मिळणार, हे सांगा. जकातदाराच्या वाड्यात शिरायचं असेल तर वाड्यातले कपडे कोण धुतं, सरपण कोण टाकतं, गेल्या वर्षभरात कुणाला कामावरून काढलं, हे विचारा. काढून टाकलेला आचारी म्हणजे सोन्याची खाण. त्याला घराचा कानाकोपरा माहीत असतो आणि बोलायची इच्छाही असते.

मराठी टेबलावर समजवायला मी एकच उदाहरण देते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज लाल महालात शिरले, तो त्यांच्या लहानपणाचा वाडा होता. भिंती कुठे, दारं कुठे, हे कुणाला विचारावं लागलं नाही, आणि रमजानचा महिना निवडलेला. घर आणि वेळ, दोन्ही आधीच ओळखीचे. तुमच्या पार्टीला तो वाडा ओळखीचा नाही, म्हणून आचारी शोधायचा.

इतकं करूनही "काही विशेष नाही" हेच उत्तर आलं तर पुढचं उत्तर जीएमला वाचायला द्या.

९. मी जीएम आहे. असे खेळाडू असतील तर मी काय तयार ठेवू?

उत्तर तयार ठेवू नका. कुठल्या वाटेने त्यांनी जावं हे तुम्ही ठरवून बसलात की बाकी सगळे प्लॅन तुम्हाला चुकीचे वाटायला लागतात आणि खेळाडूंना ते दहा मिनिटांत कळतं.

माझ्या वहीत एका जागेसाठी एक पान असतं. हाताने काढलेला वेडावाकडा नकाशा. तिथे कोण राहतं आणि दिवसभर काय करतं, तासांप्रमाणे. आत शिरायच्या तीन तरी वाटा, प्रत्येकीला एक अडचण: गटार अरुंद आहे, छपराची कौलं सुटी आहेत, मुख्य दारावरचा पहारेकरी लाच घेतो पण दारू प्यायला की बडबडतो. आरडाओरड झाली तर मदत कुठून येते आणि किती वेळात. आणि एक गोष्ट अशी, जी आत जाऊनच कळेल.

आता ती अट. एकदा सांगितलेली गोष्ट खरी राहिली पाहिजे. पहारा मध्यरात्री बदलतो असं आचाऱ्याने सांगितलं आणि तुमच्या पानावरही तसंच आहे, तर तो मध्यरात्रीच बदलला पाहिजे, मग त्याने तुमच्या सगळ्यात लाडक्या प्रसंगाचं वाटोळं का होईना. प्लॅन ऐकून झाल्यावर तळघरात दोन जादा पहारेकरी उभे करायचा मोह प्रत्येक जीएमला होतो. मलाही झालाय, मी केलंय, आणि त्यानंतर चार सेशन माझ्या टेबलावर कुणी टेहळणीच केली नाही. त्यांचं बरोबरच होतं. ज्या माहितीचा भरवसा नाही ती काढायला कोण वेळ घालवेल?

खोटी माहिती पेरू नये असं नाही. पण ती खोटी असल्याचा वास यायला जागा ठेवा: सांगणारा नजर चुकवतो, किंवा दुसरा कुणीतरी वेगळंच सांगतो.

१०. आमचे खेळाडू तीन-तीन तास प्लॅनच करत बसतात. नमनालाच घडाभर तेल! काय करू?

आधी बघा की ते मजेत आहेत का. सगळे पुढे झुकून नकाशावर बोटं नाचवत असतील तर तुम्ही फक्त चहा टाका. पण तेच दोन पर्याय चौथ्यांदा चघळले जात असतील तर बहुधा त्यांच्याकडे एखादी माहिती कमी आहे आणि ती कुठून मिळेल हे सुचत नाहीये. तेव्हा मी सरळ विचारते, "काय कळलं तर तुमचं ठरेल?" ते सांगतात, "कुत्री रात्री मोकळी असतात का?" मग मी म्हणते, जा, बघून या. पाच मिनिटांचा प्रसंग होतो आणि गाडी पुढे सरकते.

दुसरा उपाय म्हणजे जगातला वेळ चालू ठेवणं. शनिवारी पेटी जहाजावर चढणार, आज गुरुवार आहे. "शॅडोडार्क"मध्ये तर मशाल खऱ्या घड्याळाच्या एका तासात विझते, त्यामुळे अंधाऱ्या भुयारात उभं राहून चर्चा केली की डोळ्यांदेखत उजेड खर्च होतो. हे जरा क्रूर आहे, पण लागू पडतं.

स्वयंपाकघरातल्या टायमरने "दहा मिनिटांत ठरवा" असं करणाऱ्या जीएमचं मात्र मला पटत नाही. ज्यांना ही शैली आवडते त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतल्यासारखं होतं ते.

११. "ब्लेड्स इन द डार्क"मध्ये प्लॅन करायचाच नाही, फ्लॅशबॅक वापरायचा म्हणतात. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, वेगळा खेळ आहे. जॉन हार्पर यांच्या या २०१७ च्या गेममध्ये चोरांची टोळी फक्त प्लॅनचा प्रकार निवडते, म्हणजे हल्ला, बतावणी, गुपचूप शिरणं वगैरे, आणि त्यातला एक तपशील ठरवते. मग एंगेजमेंट रोल, म्हणजे सुरुवात कशी झाली ते ठरवणारा फासा, होतो आणि खेळ थेट कारवाईच्या मधोमध सुरू होतो. सामानही आधी लिहायचं नाही. हलका, मध्यम की जड एवढाच बोजा ठरवायचा आणि वस्तू लागेल तेव्हा काढायची. अडचण आली की खेळाडू म्हणतो, "मी काल संध्याकाळीच या पहारेकऱ्याला पैसे चारले होते." तो प्रसंग तेव्हाच खेळायचा. साधी गोष्ट असेल तर फुकट, जरा अवघड असेल तर एक स्ट्रेस (कॅरेक्टरवरचा ताण), फारच गुंतागुंतीची असेल तर दोन किंवा जास्त. स्ट्रेसच्या चौकटी नऊच, त्यामुळे हे अमर्याद चालत नाही.

फरक असा की ब्लेड्समध्ये कॅरेक्टर हुशार ठरतं आणि आखणीच्या खेळात खेळाडू स्वतः हुशार ठरतो. मला दोन्ही आवडतं, पण एकाच टेबलावर न ठरवता दोन्ही आणलं की कटकट होते. दोघांनी तासभर खपून पहाऱ्याचं वेळापत्रक मिळवलं आणि तिसऱ्याने फ्लॅशबॅक काढून तोच पहारेकरी खिशात घातला, तर त्या दोघांचे चेहरे बघवत नाहीत.

मधली वाट हवी असेल तर "गमशू" पद्धतीच्या गेममधलं "प्रिपेअर्डनेस" कौशल्य बघा. "असं काहीतरी मी बरोबर आणलंच असेल" यासाठी फासा टाकायचा, त्यात आपल्या शिलकीतले गुण मिळवायचे. तयारी करणारा स्वभाव कॅरेक्टरच्या पानावरच लिहिलेला असतो. ही सोय वस्तूंपुरती, घडून गेलेल्या गोष्टींना नाही, म्हणून ती आखणीशी भांडत नाही.

१२. प्लॅन इतका नेमका बसला की मोठी लढाई झालीच नाही. जीएम म्हणून हिरमुसायला होतं. हे चालू द्यावं का?

चालू द्या. माझ्या ओगरची, म्हणजे दांडग्या राक्षसाची, गोष्ट सांगते.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याला एका मित्राकडे १९८१ च्या नियमांनी खेळत होतो. घाटातल्या गुहेतला ओगर वाटसरूंना लुटत होता. त्याचे चार अधिक एक हिट डाइस (हिट पॉइंट ठरवायला चार फासे आणि वर एक), फटका दहापर्यंत. पार्टीत सगळ्यात धडधाकट माणसाचे हिट पॉइंट सात. खेळाडूंनी खेळातले तीन दिवस झाडावर बसून नुसतं पाहिलं. ओगर रोज तिन्हीसांजेला एकाच पायवाटेने ओढ्यावर येतो, हे माझ्या पानावर होतं आणि त्यांनी ते मिळवलं. मग वाटेत खड्डा, वर फांद्या, आत चौदा बुधले तेल ओतायचं ठरलं. चौथ्या दिवशी मी हवामानाचा फासा टाकला आणि पाऊस आला. खड्ड्यात गुडघाभर पाणी.

सगळे गप्प. मग शिकवणीच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणारी आमची एक खेळाडू म्हणाली, "पण तेल बुडणार नाही ना, वर तरंगेल." मी म्हटलं, पाण्यावरचा थर नुसत्या मशालीने असा पटकन पेटायचा नाही. ती म्हणाली, "मग पेटतं पोतं टाकू. ते वातीचं काम करेल." आणि पोतं कोरडं राहावं म्हणून ते मेणकापडात गुंडाळून ठेवलंय हे आधीच वहीत लिहिलेलं होतं. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

दोन फासे पडले. एक ओगर बेसावध आहे का याचा, एक पोतं खड्ड्यात पडतं का याचा. आठवडाभर आरशासमोर घोटलेल्या ओगरच्या आवाजात मला एकच किंकाळी मारता आली.

लढाई ही जीएमची मेहनत असते हे खरं, पण त्या चौघांनी त्याहून जास्त मेहनत केली होती. पूर्ण एक्सपी द्या. परिणाम जगातून येऊ द्या: तो धूर खालच्या गावातून दिसला, आता गुहेवर आणखी कुणाची तरी नजर आहे. "गुहेत त्याचा भाऊ पण होता" हे मात्र तिथल्या तिथे सुचलेलं असेल तर नको (प्रश्न ९).

१३. आणि प्लॅन मध्येच फसला तर? आमचा दर वेळी फसतोच.

दर वेळी फसत असेल तर जीएमशी बोला. काही जीएमना वाटतं की प्लॅन बिघडल्याशिवाय नाट्य येत नाही, म्हणून ते एक खोडा घालतातच. कधीमधी ठीक, पण दर वेळी तसं झालं तर खेळाडू प्लॅन करणं सोडतात आणि दार लाथेने उघडायला लागतात.

जीएमसाठी माझी कसोटी: जे बिघडलं ते आधी शोधलं असतं तर कळलं असतं का? उत्तर हो असेल तर खुशाल बिघडू द्या.

खेळाडूंसाठी: एका साखळीत सात कड्या घालू नका. "पहारेकरी झोपेल, मग किल्ली मिळेल, मग दार उघडेल, मग..." यात प्रत्येक टप्पा दहातून आठ वेळा जमणारा धरला तरी सातही जमण्याची शक्यता साधारण पाचात एक राहते. टप्पे कमी करा आणि बाहेर पडायची दुसरी वाट ठेवा.

१४. आमच्यात एकच जण प्लॅन करतो, बाकीचे मोबाइल बघतात. समतोल कसा साधायचा?

जुन्या डी अँड डीत यासाठी भूमिका वाटलेल्या असायच्या. एक मॅपर नकाशा काढायचा, एक कॉलर सगळ्यांचं ऐकून जीएमला अंतिम निर्णय सांगायचा. कॉलरची पद्धत आता मागे पडली, पण नकाशा, सामान आणि "काय कळलं" याची नोंद तिघांकडे वाटून द्या. ज्याच्या हातात कागद असतो तो बोलतो.

तरीही एखाद्याला प्लॅनमध्ये रस नसेल तर नसू दे. त्याला प्लॅनमधली आगाऊपणाची जागा द्या: पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं, गोंधळ घालायचा. असे लोक तिथे फुलतात.

१५. माझ्या बार्बेरियनची (रानटी योद्ध्याची) इंटेलिजन्स ६, म्हणजे फारच कमी, आहे. मी हुशार प्लॅन सुचवला तर ते चूक का?

मतभेद आहेत. माझ्याकडे चालतं. टेबलावर बोलते ती खेळाडू. कल्पना कुणाच्या तोंडून आली ते नंतर जुळवता येतं. "तो उगाच काहीतरी बरळला आणि विझार्डला त्यातून कल्पना सुचली" असं आम्ही बिनदिक्कत म्हणतो. शिवाय अक्षरशत्रू माणसाला शिकार, सापळे आणि पावसाची चाहूल कळत नाही असं थोडंच आहे?

१६. प्लॅन जीएमपासून लपवून ठेवावा का?

नको. तो अर्धवट कळला तर जीएम ऐनवेळी अडखळतो आणि सावधपणे "नाही" म्हणतो. "आम्हाला तेल पाण्यावर तरंगवायचंय, तुझ्या जगात हे चालेल ना?" असं आधी विचारलेलं बरं. जीएम हाती आलेल्या माहितीचा गैरफायदा घेईल अशी भीती असेल तर खरी अडचण प्रश्न ९ मधली आहे, लपवून ती सुटत नाही.

१७. आमची पार्टी प्रत्येक लढाईनंतर झोपते, म्हणजे सगळे मंत्र परत मिळतात. ही पण तयारीच म्हणायची का?

तयारीच आहे, फक्त फुकटात मिळणारी. ज्या जागेला काळ लागू नाही तिथे झोपणं हाच सर्वोत्तम प्लॅन ठरतो, खेळाडूंचा दोष नाही. जुन्या नियमांत डंजनमधला (भुयारातला) वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजला जायचा, दर दोन टर्नला भटक्या राक्षसांसाठी सहा बाजूंचा फासा पडायचा आणि १ आला की पाहुणे हजर. आठ तास झोपायचं तर हिशोब करा. बाकी जग कसं चालू ठेवायचं ते प्रश्न १० मध्ये आलंय.

१८. आमचे खेळाडू प्रत्येक दार, प्रत्येक फरशी काठीने ठोकतात. आखणी आणि भित्रेपणा यात सीमा कुठे?

हे बहुतेक वेळा जीएमनेच शिकवलेलं असतं. १९७७ च्या "मॉन्स्टर मॅन्युअल"मध्ये इअर सीकर नावाचा किडा आहे. तो लाकडात राहतो आणि दाराला कान लावणाऱ्याच्या कानात शिरतो. म्हणजे दार उघडण्याआधी कान लावायची चांगली सवय लागली, आणि तिलाच शिक्षा. असे दोन-तीन झटके बसले की कुठलाही शहाणा माणूस फरशी ठोकतच चालेल.

धोक्याची खूण आधी दिसू द्या: फरशीवर काळपट डाग, भिंतीत बारीक भोकं, जळक्या केसांचा वास. जिथे खूण नाही तिथे धोका नाही, असं दोन-चार सेशनमध्ये त्यांच्या लक्षात आलं की ते झपाझप चालतात आणि खूण दिसली की थबकतात. तोवर ठरवून टाका की "आम्ही सावधपणे जातो" म्हटलं की काठी आपोआप चालतेय, दर वेळी सांगायची गरज नाही. फक्त वेग निम्मा आणि मशाल तेवढीच जास्त जळणार.

१९. प्लॅन एका सेशनमध्ये झाला, कारवाई पुढच्या सेशनमध्ये. मधल्या पंधरा दिवसांत सगळे विसरतात. उपाय?

एक पान लिहा, आणि जिथे खेळता त्या घरी ते ठेवा. प्रश्न ४ मधल्या गोष्टी, कोण कुठे उभं राहणार, कुणाकडे काय सामान, एवढंच. त्याचा फोटो सगळ्यांना पाठवा.

हे आम्ही शिकलो ते जकातदाराच्या वाड्यामुळे. एक अख्खा रविवार खपून फर्स्टक्लास प्लॅन झाला होता, खिडक्यांना क्रमांकसुद्धा दिले होते. पुढच्या वेळी ज्याच्या वहीत तो नकाशा होता तो बहिणीच्या डोहाळजेवणाला कोल्हापूरला. फोन लावला तर मागे सनई वाजत होती आणि हा दबक्या आवाजात सांगतोय, "तिसरी खिडकी नको, तिसऱ्या खिडकीखाली कुत्रा आहे." तोवर आमचा रोग (पार्टीतला चोर) तिसऱ्या खिडकीतून अर्धा आत गेला होता.

२०. मला एकट्यालाच ही शैली आवडते, बाकी टेबल हाणामारीवालं आहे. काय करू?

अख्ख्या पार्टीला बदलायला जाऊ नका. तेलाचे चार बुधले, दोर आणि पळायची वाट एवढं स्वतःपुरतं बघा. हाणामारी अंगावर आली की ते तुमच्याकडेच बघतील.